हातभर धोतर

"हे कमी हाय," बजाबाई म्हणाली.

अंगणात सारवलेल्या जागेवर तिच्यापुढं एक जुनं धोतर पसरलेलं होतं. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत कापड ताणायचं, तिथं अंगठ्यानं दाबून धरायचं आणि पुढचा हात घ्यायचा, अशी तिची मोजायची रीत. आठ हात भरले. नवव्याला तिची बोटं जमिनीवर टेकली. तिनं कापड गोळा केलं, पुन्हा पसरलं आणि पहिल्यापासून मोजायला घेतलं.

ताना भिंतीच्या सावलीत सुया ओवत बसली होती. रोज सकाळी ती चाळीस सुया ओवून एका फडक्यात ओळीनं टोचून ठेवी. दिवसभर आई त्यातली एकेक उपसून घेई आणि दोरा संपला की मोकळी सुई दुसऱ्या फडक्यात टोची. म्हातारीला दोरा ओवता येत नाही हे त्यामुळं येणाऱ्याजाणाऱ्याला कळत नसे.

"शिवम्मानं आणून दिलं तवा पुरं नऊ हात व्हतं. तिच्या म्होरं मोजलंय म्या."

"उंदरानं नेलं असंल की, आय."

"उंदीर कुरतडतोय. बोट लाव हितं." बजाबाईनं तिचा हात धरून कापडाच्या टोकावर नेला. "कड सरळ हाय. कातरीनं कापल्यावानी."

तानानं बोट लावलं. कड सरळ होती. ती तिनंच कापली होती.

सोलापुरातल्या मार्शल लॉच्या दुसऱ्या सालची ही गोष्ट. मंद्रूपच्या अलीकडच्या त्या गावात पावसानं अशी ओढ दिली होती की शाळू गुडघ्यावर येऊन तिथंच वाळला होता. नवं कापड घ्यायची कुणाची ऐपत राहिली नव्हती, त्यामुळं पेटीतळाची, उतरंडीमागची लुगडी आणि धोतरं बाहेर निघाली आणि बजाबाईच्या सोप्यातल्या खुंट्या गाठोड्यांनी भरल्या. इतकी वर्षं ती वाकळा शिवत होती, पण एवढं काम एका वेळी कधी आलं नव्हतं. मापटं-दोन मापटी जोंधळा जो मिळे त्यावर घर चाललं होतं.

तिचा टाका ज्वारीच्या दाण्याएवढा होता. कडेपासून सुरुवात करायची आणि चौकोनात फिरत फिरत मधोमध यायचं. कुठलं कापड वर, कुठलं आत, काळ्या लुगड्याशेजारी पिवळा खण शोभेल की तांबडा, हे ती कापडं मांडीवर घेऊन तासन्‌तास ठरवी. पण गाव तिच्याकडं यायचं ते एवढ्यासाठी नव्हे. टाका घालणाऱ्या आणखी चार बायका गावात होत्या. बजाबाईच्या घरी एका घराची चिंधी दुसऱ्या घराच्या वाकळेत जात नसे. प्रत्येक गाठोड्याची खुंटी वेगळी, गाठ वेगळी. कापून उरलेली बोटभर चिंधीसुद्धा ज्याची त्याला परत. कापड अंगावरचं असतं. त्यात त्या माणसाचा घाम असतो, दुखणं असतं, आणि माणूस गेलेला असला तर ते कापड त्याच्याच घरच्यांनी पांघरायचं, तेही वर्ष उलटल्यावर. दुसऱ्याच्या घरात ते जायचं नाही. आणि बाळंतिणीच्या घरात तर त्याचं नावही घ्यायचं नाही.

शिवम्माच्या नवऱ्याला जाऊन वर्ष उलटलं होतं. त्याची दोन धोतरं, पटका आणि बंडी तिनं आणून दिली होती. "बंडीचा खिसा तसाच राहू दे. छातीवर येऊ दे," एवढंच तिनं सांगितलं होतं. "आणि एक वीतबी वाया घालवू नगंस, बजाक्का."

आणि त्यातलं हातभर धोतर पंधरा दिवसांमागं तानानं गुरम्माच्या नातवाच्या दुपट्यात घातलं होतं.

त्याला कारण आईचे डोळे. तीन वर्षं त्यांच्यावर साय चढत होती. बजाबाई हातानं शिवी आणि आपला टाका सरळ चालला आहे असं समजे. आणि तो सरळ नसे. दहा बोटं नीट जाई, मग उतारावरच्या पाण्यासारखा कलायला लागे. ताना वर्षभर एक काम गुपचूप करत होती. आई शेणकुटाला किंवा ओढ्याला गेली की वाकड्या ओळी उसवायच्या आणि आईच्याच टाक्याएवढा टाका घालून पुन्हा शिवायच्या. बजाबाईनं ते कधी ओळखलं नाही. ओळखलं असतं तर काय झालं असतं याचा विचार ताना करत नसे.

दुपट्याला मात्र हात लावायची तिला बंदी होती. बाराव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि चौदाव्या वर्षी नवरा पटकीनं गेला. "बाळंतिणीच्या कापडाला तुजा हात नगं," आईनं एकदाच सांगितलं होतं, तेही मान खाली घालून. तानानं ते पाळलं होतं. पण गुरम्माची सून आठ दिवस आधीच बाळंत झाली, दुपटं संध्याकाळपर्यंत हवं म्हणून निरोप आला, आणि आई बाजाराला गेलेली. दुपट्याची एक बाजू पार वाकडी गेली होती. तानानं ती उसवली. आत आईनं घातलेला गुरम्माच्याच लुगड्याचा तुकडा चुलीजवळ कधीतरी करपलेला निघाला, हाताला खरखरीत. तिनं सगळं गाठोडं शोधलं. दुसरं काही शिल्लक नव्हतं. मग तिनं शेजारच्या खुंटीवरची गाठ सोडली.

"मी उद्या शिवम्माला जाऊन सांगती," बजाबाई म्हणाली.

"काय सांगतीस? शिवून दे की तसंच. आत घडीत कोन मोजतंय?"

"मोजत न्हायत म्हनून तर देत्यात." तिनं धोतराची घडी घातली. "जलमात असं झालं न्हाय माज्या हातनं. चिंधी गेली न्हाय कुनाची."

संध्याकाळी तानाचा धाकटा भाऊ ज्ञानबा मेंढरं घेऊन आला. उद्या पहाटे तो कळप घेऊन माळशिरसच्या बाजूला कालव्याच्या पट्ट्यात निघायचा होता. इथं मेंढरांना दातानं उपटायला काडी राहिली नव्हती. तो तांब्याभर पाणी प्यायला आणि आईजवळ बसला.

"दगडाक्का भेटली हुती आत्ता. तिच्या भावानं, येडूनं सांगून धाडलंय म्हनं, चैतात तानासंगं पाट लावू. गिरनीत खाडा करून येतो म्हनला."

"येडू येतोय की भोंगा येतोय त्येचा?" बजाबाई म्हणाली. "मागल्या खेपंला बी असंच म्हनला हुता."

"ह्या खेपंला दगडाक्का सोडत न्हाय त्येला. त्येची पयल्या बायकूची पोरगी संभाळून दमलीया ती." तो बहिणीकडं बघून हसला. "सोलापुरात ऱ्हाशील बग, तान्ये. नळाचं पानी. मला वळखशील का?"

"वासावरनं वळखीन की. मेंढराच्या."

बजाबाई खूप दिवसांनी मोकळी हसली. भाकरी थापताना ताना तिच्याकडं बघत राहिली. म्हातारी जेवली, तांब्या उपडा घातला आणि पडल्या पडल्या एकदा म्हणाली, "हातभरच हाय. पर गेलं कुटं?"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन अंगणात आल्यावर मायलेकी शिवम्माकडं गेल्या. शिवम्माचं परसू आणि गुरम्माचं परसू यांच्यामध्ये कमरेएवढं काट्याचं कुंपण होतं. शिवम्मा परसात भांडी घासत होती. बजाबाई उभ्या उभ्याच म्हणाली, "शिवम्मा, मी चूक घिऊन आलीया तुज्याकडं. धोतर हातभर कमी भरतंय."

"कुटलं धोतर?"

"तांबड्या काठाचं."

शिवम्मानं हात लुगड्याला पुसले. ती काही बोलणार, तेवढ्यात तिची नजर बजाबाईच्या खांद्यावरून कुंपणाकडं गेली. तिथं गुरम्माच्या सुनेनं बाळाची धुणी वाळत टाकली होती. दोन फडकी, एक कुंची आणि ते दुपटं. ओल्या दुपट्याच्या पातळ मांजरपाटातून ऊन आरपार आलं होतं, आणि आतल्या थरातून एक तांबडा काठ बोटभर रुंदीचा स्पष्ट दिसत होता. काठाच्या खाली निळ्या दोऱ्याची रफू होती, चिमणीच्या पायासारखी तीन रेघांची.

शिवम्मा कुंपणापाशी गेली. तिनं काट्यांमधून हात घातला आणि त्या रफूवर बोट ठेवलं. काटा तिच्या मनगटात घुसला तरी तिनं हात काढला नाही.

"हे माजं हाय," ती म्हणाली. "हे मी शिवलंय. निळा दोरा हुता घरात तवा."

बजाबाईला काही दिसत नव्हतं. "काय हाय गं, ताना?"

ताना एक पाऊल मागं सरकली.

आवाजानं गुरम्मा मागच्या दारातून बाहेर आली. भरल्या अंगाची, कपाळावर भस्माचे पट्टे. तिला समजायला वेळ लागला नाही. "अय्यो शिवा," ती हळूच म्हणाली आणि तिनं पहिल्यांदा घरात वळून पाहिलं, जिथं पाळणा होता. "कवापासून हाय हे माज्या पोराच्या अंगावर? पंधरा दिस? मेल्या मान्साचं?" मग ती बजाबाईकडं वळली. "बजव्वा, तुज्या घरी गठळं टाकून मी कदी मागं वळून बगितलं न्हाय. कदी?"

"न्हाय, अक्का."

"मग ह्ये काय केलंस?"

ताना आईच्या मागं दीड हातावर उभी होती. कुंपणापलीकडं दाराआड सून उभी होती, आणि रस्त्यावरून पाण्याला चाललेली येडूची बहीण दगडाबाई घागर कमरेवर तशीच घेऊन थांबली होती. बोलायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य म्हणजे दुपट्यात मेलेल्याचं धोतर, आणि ते घालणारा हात रांडमुंड बाईचा. तानानं दगडाबाईच्या तोंडाकडं पाहिलं.

"माजं डोळं गेल्यात," बजाबाई म्हणाली.

ती हे मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "तीन वरसं झाली. मला दिसत न्हाय. हातानं शिवत हुती. दोनी गठळी शेजारच्या खुंटीला हुती, हात चुकला असंल माजा. लपवून ठिवलं म्या, ती चूक माजी."

शिवम्मानं दुपटं कुंपणावरून ओढून घेतलं. काट्यांनी मांजरपाट फाटला. गुरम्मा घरातून विळा घेऊन आली आणि तिनं स्वतः दुपट्याची ती बाजू उसवून हातभर कापड ओढून काढलं. शिवम्मा ते ओलं कापड पिळलं न पिळलं तोच छातीशी धरून आत गेली. उरलेलं दुपटं गुरम्मानं उकिरड्यावर टाकायला सुनेला सांगितलं.

घरी येताना बजाबाईनं तानाच्या खांद्यावर हात ठेवला. आजपर्यंत रस्त्यानं ती एकटी, भराभर चालायची.

*

दुपारपासून बायका यायला लागल्या.

कुणी भांडायला आली नाही. प्रत्येकीनं काहीतरी निमित्त आणलं होतं. एकीची नणंद आली होती, तिला शिवता येत होतं. एकीला आता वाकळच नको होती. एक म्हणाली, "मावशे, डोळ्याला तरास नगं तुमच्या." बजाबाई खुंटीवरून गाठोडं काढायची, गाठ हातानं चाचपायची आणि द्यायची. एकदाही दुसऱ्याचं गाठोडं दुसऱ्याला गेलं नाही. बायका मात्र दारातच गाठोडं सोडून चिंधी न्‌ चिंधी बघत होत्या आणि मगच बांधत होत्या.

एक वाकळ निम्मी शिवून झाली होती. अंगणात अंथरलेली, मध्ये हातभर चौकोन शिल्लक. तिची मालकीण वाकळ गुंडाळून काखेत मारून निघाली तेव्हा सुई तीतच लोंबत होती. बजाबाई म्हणाली, "बाई, सुई न्हेऊ नगंस, टोचंल कुनाला." तिनं ती उपसून घेतली आणि दोऱ्याला गाठ मारून दिली, म्हणजे उसवायला नको. जी वाकळ आपल्या हातून जाते तिचा शेवटचा टाका सुटा ठेवायचा नसतो.

शिवम्मा शेवटी आली. तिनं आपलं गाठोडं घेतलं. बंडी वर होती. ती इतकंच म्हणाली, "खिसा कापला न्हाईस न्हवं?"

"न्हाय गं, बाई."

संध्याकाळी सोप्यातल्या भिंतीवर नुसत्या खुंट्या राहिल्या.

गुरम्माचा नातू ठणठणीत होता. महिन्याभरात त्याला बाळसं आलं, गालावर लाली आली. ताना पाण्याला जाताना त्याला सुनेच्या मांडीवर बघायची. पोराला काही झालं असतं तर गावानं बजाबाईला शिव्या दिल्या असत्या, आणि शिव्या देऊन कधीतरी विसरलं असतं. काही झालं नाही त्यामुळं कुणी काही बोललंच नाही. फक्त कामं दुसरीकडं गेली.

ताना रोजगाराला जाऊ लागली. तगलेल्या थोड्याशा शाळूची काढणी, नाही तर कुणाच्या तरी विहिरीतला गाळ. हाताला घट्टे पडले. संध्याकाळी परतली की आई अंगणात बसलेली असे, मांडीवर एखादं पोतं. पोत्यावर पोतं ठेवून ती सुतळीनं टाके घालत होती. ताना आता ते उसवत नव्हती. टाके कलले तर कलू देत होती. पोत्यात काय कुणी बघणार.

*

माघात एका दुपारी दगडाबाई आली. येडूची ती थोरली बहीण, तोंडानं फटकळ, पण पाट तिनंच ठरवला होता आणि अजून मोडला नव्हता. ती उंबऱ्यात बसली, तंबाखू मळली आणि म्हणाली, "येडू इचारत हुता, घरात काय भानगड हाय म्हनं. म्या म्हनलं, म्हातारीचं डोळं गेल्यात, आनखी काय."

"व्हय," ताना म्हणाली.

बजाबाईच्या मांडीवर जुन्या कपड्यांचा ढीग होता, घरचाच. ती एकेक कापड चाचपून बाजूला ठेवत होती. दगडाबाईनं जरा वेळ बघितलं.

"काय करतीस गं, बजाक्का?"

"बगती, कळतंय का." बजाबाई थोडी लाजली. "रोज बगती. ताना, तू दे बरं एकेक. मी सांगती."

"ऱ्हाऊ दे, आय."

"दे गं. बगू दे मला बी," दगडाबाई म्हणाली.

तानानं एक तुकडा दिला. बजाबाईनं तो अंगठा आणि बोटात चोळला. "ज्ञानबाचं. अंगरख्याची बाही. कोपराला झिजलीया." दुसरा. "माजं लुगडं, चंद्रकळा." तिसरा तिनं हातात घेतल्याबरोबर खाली ठेवला. "तुज्या लगनातलं." चौथा, पाचवा. एकही चुकला नाही. बजाबाईचा चेहरा उजळत चालला होता. कित्येक आठवड्यांत ती अशी ताठ बसली नव्हती.

दगडाबाईचं मळणं थांबलं होतं. "आँ? समदं बरूबर की गं." तिनं बजाबाईवरून नजर काढली आणि तानावर ठेवली. "डोळं नसताना हाताला येवढं कळतंय, तर त्ये धोतर तिकडं गेलंच कसं? घरात दुसरं कोन हाय?"

"त्येच तर मी बी म्हनती," बजाबाई म्हणाली. "त्येच कळंना मला. दे, ताना. आनखी एक दे."

ढिगात तळाशी गुंडाची, तानाच्या बापाची, पटक्याची चार बोटं रुंद चिरफळी होती. त्याला जाऊन दहा वर्षं झाली होती. ती तानाच्या हातात कशी आली ते तिलाही कळलं नाही. बजाबाईनं ती घेतली आणि तिचे हात एकदम मंद झाले. तिनं कापड उलगडलं, कडेला बोट फिरवलं, गालाला लावलं.

"हे तुज्या बाचं," ती म्हणाली. "पटका. ह्या टोकाला त्यो गाठ मारायचा."

दगडाबाई तानाकडं बघत होती.

"न्हाय, आय," ताना म्हणाली. "बाचं न्हवं हे. ज्ञानबाचा जुना रुमाल हाय."

बजाबाईचा हात गालावरच राहिला. "ज्ञानबाचा?"

"व्हय."

"त्यो तांबडा रुमाल?"

"व्हय, आय. त्योच."

बजाबाईनं कापड पुन्हा चाचपलं, एकदा, दोनदा. मग ते बाकीच्या ढिगावर ठेवलं. "मला तर त्येंचंच वाटलं," ती म्हणाली. दगडाबाईनं तंबाखू तोंडात टाकली. "म्हातारपन हाय, बजाक्का. मनाला लावून घिऊ नगं," ती म्हणाली, आणि पाटाच्या तिथीचं बोलायला लागली.

*

त्या दिवसानंतर बजाबाईनं सुई हातात धरली नाही. पोत्याचं काम निम्मं राहिलं ते तिनं गुंडाळून उतरंडीमागं सारलं.

सुईपुरतं असतं तरी चाललं असतं. पण तिचा हातावरचा विश्वासच उडाला. भाकरीला पीठ घेताना ती मूठभर पीठ उचलायची आणि विचारायची, "ताना, हे जोंधळ्याचंच हाय न्हवं?" कालवणात मीठ टाकायच्या आधी मिठाचं मडकं पुढं धरायची. "हे मीठ हाय का गं?" ज्या चुलीवर तिनं तीन वर्षं नुसत्या हाताच्या अंदाजानं स्वयंपाक केला होता तिच्यापुढं ती पाहुण्यासारखी बसायला लागली. पुढं तिनं स्वयंपाकच सोडला. ताना कामावर गेली की ती दिवसभर एका जागी बसून राही, हात मांडीवर उताणे ठेवून. एकदा ताना आली तेव्हा ती तहानेनं व्याकूळ झालेली होती. माठ दोन हातांवर होता. "दुसरंच काय तरी पेले असते तर," ती म्हणाली.

शिमग्याच्या आधी हिवताप आला. तानानं काढा दिला, मंद्रूपच्या बाजारातून गोळ्या आणल्या. ताप उतरे आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा चढे. आईचं अंग असं थरथरे की खालच्या बाजेच्या सुतळीचा आवाज होई. अंगावर घालायला एकच जुनी वाकळ होती घरात. वरून ती पोती. गावातल्या निम्म्या घरांत बजाबाईच्या हातच्या वाकळा होत्या.

एका दुपारी ताप जरा कमी होता. ताना तिचे पाय चेपत बसली होती. हात कुणाचे, पाय कुणाचे, काही कळू नये इतक्या दोघी हाडकल्या होत्या. बाहेर वारा धूळ उडवत होता.

"आय," ताना म्हणाली.

"काय गं?"

"त्या दिवशी..."

बजाबाईनं मान वळवली. सायीच्या डोळ्यांनी ती बरोबर तानाच्या तोंडाकडं बघत होती, आणि थांबली होती. चैत्र दहा दिवसांवर होता. दगडाबाईनं येडूच्या हाती हिरवं लुगडं मागवलं होतं.

"काय म्हनत हुतीस?"

"पानी देऊ का म्हनलं."

"दे," बजाबाई म्हणाली. तांब्या ओठाला लागला तेव्हा तिनं विचारलं, "पानीच हाय न्हवं?"

चार दिवसांनी, दुपारची भाकरी तव्यावर असताना, ती गेली. तानाला आवाजावरून कळलं. सुतळी वाजायची थांबली होती.

निरोप गेला आणि तिसऱ्या दिवशी ज्ञानबा पायी आला. तोवर माती झाली होती. त्यानं वेशीतच डोकं भादरून घेतलं आणि घरात येऊन आईच्या जागी बसला. मेंढरांतली निम्मी वाटेत गेली होती. एवढंच त्यानं सांगितलं.

*

त्याच दिवशी बायका कडू घास घेऊन आल्या. भाकऱ्या, पातळ वरण, मिठाचा खडा. शिवम्मा आली होती, गुरम्मा आली होती, दगडाबाई तर सकाळपासून होती. सोप्यात त्या भिंतीला टेकून बसल्या. ज्ञानबापुढं ताट वाढलं होतं, तो घास मोडत होता आणि तसाच ठेवत होता.

"खा रं, बाबा," गुरम्मा म्हणाली. "आई कुनाला पुरलीया."

"लई गुणाची बाई," कुणीतरी म्हणालं.

"माज्या बाळंतपनाला वाकळ तिचीच हुती. अजून हाय," गुरम्मा म्हणाली. "माजा नातू बगा आता, पालथा पडतोय. काय झालं न्हाय त्येला. मी बी त्या दिवशी लई बोलले."

शिवम्मा पदराच्या टोकाशी खेळत होती. वर्षभरात ती कुणाविषयी वाईट बोलली नव्हती, आणि आताही ती मनापासूनच म्हणाली, "तुजी काय चूक न्हाय, अक्का. बजाक्काची बी न्हाय. मला राग न्हाय तिचा. डोळं गेलं हुतं बिचारीचं. हाताला काय कळनार."

"शेवटी शेवटी तर सोताच्या घरचं कापड बी वळखंना," दगडाबाई म्हणाली. "मी हुते की हितं. मीठ का साखर तेबी कळंना तिला."

"असंच हुतं म्हातारपनी."

"व्हय, असंच हुतं."

बायकांनी माना हलवल्या. बोलणं संपत आलं होतं. गुरम्मानं पदर सावरला. उठायच्या तयारीची ती खूण होती. बजाबाई त्या गावात आता एवढीच उरणार होती: डोळे गेलेली, हात चुकलेली, बिचारी.

ताना चुलीजवळ बसली होती. ती उठली. ज्ञानबाला वाटलं तिला पाणी हवं आहे. त्यानं तांब्या पुढं सरकवला. तिनं तो घेतला नाही.

"शिवम्मा," ती म्हणाली. "तुज्या मालकाचं धोतर मी कापलं."

शिवम्मानं मान वर केली.

"आय बाजाराला गेली हुती. मी कापलं आन्‌ मीच दुपट्यात घातलं. कुनाचं हाय ते ठावं हुतं मला."

"ताना, गप," दगडाबाई म्हणाली. "दुःखानं कायबी बोलतीया. आईवरचं आपल्यावर घेतीया पोरगी."

"मी रांडमुंड बाई हाय, दगडाक्का, आन्‌ त्या दुपट्याचं निम्मं टाकं माजं हुतं. वरीसभर समद्यांच्या वाकळांत माजं टाकं हायत. जाऊन बगा." तिचा आवाज चढला नव्हता. ती एकेक शब्द दळणातला खडा काढावा तसा वेगळा काढून ठेवत होती. गुरम्माचा हात आपसूक तोंडावर गेला. दगडाबाईनं मांडीवरची भाकरीची दुरडी उचलून बाजूला ठेवली.

"तायडे," ज्ञानबा म्हणाला.

"थांब. मला बोलू दे. तिला इचारायचं हुतं, ती रोज इचारत हुती, आन्‌ मी सांगितलं न्हाय." ताना दगडाबाईकडं वळली. "तू हुतीस त्या दिवशी हितं. शेवटची चिंधी गालाला लावून काय म्हनली ती? मी म्हनलं, ज्ञानबाचा रुमाल हाय. रुमाल न्हवता त्यो. तिनं बरूबर वळखलं हुतं. ते माज्या बाचंच हुतं."